उन्हाला उत्तर, उत्तराला उत्तर

ठिबकची नळी काळी असते, कारण तिला उन्हात पडून राहायचे असते. पॉलिइथिलीन हे तसे दणकट प्लास्टिक. आम्लात विरघळत नाही, पाण्यात कुजत नाही. पण सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी त्याच्या लांब साखळ्या तुटू लागतात, तुटलेल्या टोकांना हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि दोन-तीन उन्हाळ्यांत नळी कडकडीत होऊन हातात मोडते. म्हणून कारखान्यात प्लास्टिक वितळवतानाच त्यात दोन-अडीच टक्के कार्बन ब्लॅक, म्हणजे अतिशय बारीक काजळी मिसळतात. ही काजळी अतिनील किरण स्वतः शोषून घेते, त्यांच्या ऊर्जेची उष्णता करून टाकते आणि नळी वर्षानुवर्षे टिकते.

पण ती उष्णता जाते कुठे? नळीत आणि नळीतल्या पाण्यात. दुपारी वीज गेली, पंप थांबला, की नळीतले पाणी जागेवरच तापत राहते. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातल्या विहिरींचे पाणी कठीण आहे. त्यात कॅल्शियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असते. साखर किंवा मीठ गरम पाण्यात जास्त विरघळते, कॅल्शियम कार्बोनेटचे उलटे आहे. पाणी तापले की त्यातला कार्बन डायऑक्साइड निसटतो, बायकार्बोनेट मोडते आणि चुना खाली बसतो. नळीत तो बसतो नेमका ड्रिपरच्या वाटेत, कारण तिथेच पाणी हवेला भेटते आणि सुकते. शेतकरी म्हणतो, ठिबक चोक झाले. मग तो अ‍ॅसिड मारतो. हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात सोडून सामू चारच्या आसपास आणायचा, नळ्या भरून ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी टोके उघडून फ्लश करायच्या. चुना विरघळतो, ड्रिपर मोकळे होतात. आम्लाबरोबर क्लोराइड मातीत जाते, लोखंडी जोड आणि पितळी व्हॉल्व्ह थोडे थोडे झिजतात, आणि ते आम्ल हाताळणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना व छातीला धोका असतो तो वेगळाच.

उन्हाला काजळी, काजळीच्या उष्णतेतून चुना, चुन्याला आम्ल, आम्लाला काय? हे पुस्तक या साखळीविषयी आहे.

रसायनशास्त्रात आणि रासायनिक अभियांत्रिकीत नको असलेला परिणाम समूळ नाहीसा करता आला असे क्वचितच होते. बहुतेक वेळा त्याची भरपाई केली जाते. कधी त्या परिणामाला दुसरे काहीतरी खायला देतात, कधी त्याचे कारण असलेला रेणू किंवा आयन बांधून ठेवतात, कधी प्रक्रिया होऊ देऊन तिचा वेग आवरतात, आणि कधी प्रत्यक्षात काहीच बदलत नाहीत, फक्त मोजमापातून तेवढा आकडा वजा करतात. पाठ्यपुस्तकांत ही सगळी तंत्रे विखुरलेली असतात. स्थिरक पॉलिमरच्या धड्यात, चिलेट मृदाशास्त्रात, तापमान दुरुस्ती उपकरणांच्या प्रकरणात. विद्यार्थी ती वेगवेगळी शिकतो, वेगवेगळ्या परीक्षांत लिहितो आणि ती एकाच विचाराची रूपे आहेत हे त्याच्या लक्षात येत नाही. ते लक्षात आणून देणे हा या पुस्तकाचा एक हेतू.

दुसरा हेतू मला अधिक महत्त्वाचा वाटतो. भरपाई ही नेहमी एका जागेची असते. पाठ्यपुस्तकातली कृती बहुधा अशा प्रयोगशाळेत लिहिलेली असते जिथे हवा वीस-पंचवीस अंशांवर स्थिर आहे आणि नळाला मऊ पाणी येते. जळगाव-धुळ्यात या दोन्ही गोष्टी नाहीत. इथला मे महिना पंचेचाळीस अंश ओलांडतो. इथले बरेचसे पाणी दख्खनच्या काळ्या बेसाल्टच्या भेगांतून झिरपून आलेले किंवा तापीच्या गाळात साठलेले आहे. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर. काळ्या जमिनीत चुनखडीचे पांढरे खडे नांगराला लागतात. ऊन आणि चुना या दोन गोष्टी खानदेशातल्या जवळजवळ प्रत्येक रासायनिक प्रश्नात कुठेतरी येऊन उभ्या राहतात. ज्याला इथे काम करायचे आहे त्याने कोणतीही भरपाई निवडण्याआधी या दोघांना विचारले पाहिजे. म्हणून या पुस्तकातली उदाहरणे शक्य तिथे याच दोन जिल्ह्यांतली घेतली आहेत.

पीव्हीसीपासून सुरुवात करतो, कारण जळगावच्या औद्योगिक इतिहासात या प्लास्टिकला मोठी जागा आहे. जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे भवरलाल जैन यांनी १९७८ मध्ये केळीची भुकटी करणारा एक बंद पडलेला कारखाना विकत घेतला आणि तिथे पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात केली. पाठोपाठ ऐंशीच्या दशकात पीव्हीसीचे पाइप आणि त्या दशकाच्या अखेरीला ठिबक आले. या उद्योगाची कथा उद्यमशीलतेची म्हणून पुष्कळदा सांगितली जाते. रसायनशास्त्राच्या बाजूने पाहिले तर पपेन, पीव्हीसी आणि पॉलिइथिलीन हे तिन्ही पदार्थ असे आहेत की ज्यांना शेजारी एखादा रक्षक दिल्याशिवाय ते बाजारापर्यंत पोचतच नाहीत.

पपेन हे प्रथिने तोडणारे विकर. त्याचे सगळे बळ एका सिस्टीनच्या गंधकयुक्त गटात असते, आणि हा गट हवेतल्या ऑक्सिजनने चटकन निकामी होतो. कच्च्या पपईला चिरा देऊन गोळा केलेला पांढरा चीक तसाच उन्हात वाळवला तर तो तपकिरी होतो आणि त्याची ताकद झपाट्याने उतरते. म्हणून चिकात थोडे मेटाबायसल्फाइट घालतात आणि पन्नास-पंचावन्न अंशांच्या आसपास, बेताच्या उष्णतेत वाळवतात. ऑक्सिजन आधी सल्फाइटला खातो, पपेन वाचते. सल्फाइट स्वतः खर्ची पडते, आणि जे उरते त्याचा वास मालात राहतो. दमा असलेल्या काही माणसांना सल्फाइटचा त्रासही होतो. म्हणून किती घालायचे याला खालची मर्यादा आहे तशी वरचीही आहे. रक्षकाला पुढे करून मुख्य पदार्थ वाचवण्याच्या या पद्धतीला मी या पुस्तकात बळीची भरपाई म्हटले आहे. जमिनीखालच्या लोखंडी वाहिनीला जोडलेला मॅग्नेशियमचा तुकडाही याच जातीचा.

पीव्हीसीची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे आणि तिच्यावर मी पुस्तकात एक पूर्ण प्रकरण खर्च केले आहे. पीव्हीसी वितळवून पाइप काढायला १७० ते २०० अंश लागतात. पण त्याच तापमानाला त्याच्या साखळीतून हायड्रोजन क्लोराइड सुटू लागतो. सुटलेला हा आम्लवायू शेजारच्या साखळीतून आणखी हायड्रोजन क्लोराइड सोडवतो. म्हणजे बिघाड स्वतःच स्वतःला वेग देतो. साखळीत एकाआड एक दुहेरी बंध तयार होतात, पाइप आधी पिवळा, मग तपकिरी, मग काळा पडतो. याला अनेक दशके एकच स्वस्त उत्तर होते, शिसे. शिशाचे क्षार आम्लवायू शोषून घेतात, त्यातून तयार होणारे लेड क्लोराइड शांत बसते, पुढचा बिघाड वाढवत नाही. पाइप टिकाऊ, किंमत कमी, यंत्रावर काम सोपे. रसायन म्हणून शिसे फारच गुणी होते. पण त्याच पाइपातून माणसे पाणी पितात. शिसे मुलांच्या मेंदूवर परिणाम करते आणि त्याची सुरक्षित म्हणता येईल अशी मात्रा नाही. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पीव्हीसी पाइप व जोडांतून शिशाचे स्थिरक काढून टाकण्याचे नियम २०२१ मध्ये केले. एका परिणामाची भरपाई किती सुरेख झाली आहे हे पाहताना ती भरपाई कुणाच्या शरीरात जाऊन बसते हे तपासले नाही तर काय होते, याचे याहून ठळक उदाहरण आमच्या व्यवसायात मला माहीत नाही.

शिशाच्या जागी आलेली कॅल्शियम-झिंकची जोडी मला रसायनशास्त्राच्या दृष्टीने अतिशय देखणी वाटते. झिंकचा क्षार साखळीतला कमकुवत क्लोरीन काढून तिथे स्वतःचा स्थिर गट बसवतो. काम उत्तम. पण या कामातून झिंक क्लोराइड तयार होते आणि ते साचले की पीव्हीसी एका क्षणी अचानक काळे पडते, कारण झिंक क्लोराइड हाच बिघाडाचा जोरदार उत्प्रेरक आहे. कॅल्शियमचा क्षार इथे उपयोगी पडतो. तो झिंककडून क्लोराइड स्वतःकडे घेतो आणि झिंकला पुन्हा कामाला लावतो. कॅल्शियम क्लोराइड निरुपद्रवी आहे. दोघांचे प्रमाण चुकले तर सुरुवातीचा रंग छान येतो आणि मध्येच माल जळतो, किंवा जळत नाही पण पहिल्यापासून पिवळट दिसतो. भरपाईच्या दुष्परिणामाची भरपाई करणारा दुसरा पदार्थ आधीच आत बसवून ठेवायचा, हा विचार समजला तर पुढच्या प्रकरणांतले अर्धेअधिक सोपे जाईल. उघड्यावर वापरायच्या पाइपांत अतिनील किरणांसाठी टायटॅनियम डायऑक्साइड घालतात, तिथेही तेच. हा पांढरा पदार्थ किरण अडवतो, पण प्रकाशात स्वतःच शेजारचे प्लास्टिक खाऊ लागतो, म्हणून त्याच्या कणांवर अ‍ॅल्युमिनाचे किंवा सिलिकाचे पातळ कवच चढवावे लागते.

जळगावहून पश्चिमेला, धुळ्याच्या वाटेवर थोडे बाजूला, अमळनेर आहे. तिथे १९४५ च्या डिसेंबरात मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी सुरू केली. वनस्पती तूप हा तिचा माल. संगणकांच्या दुनियेत पुढे विप्रो म्हणून ओळखली गेलेली कंपनी ती हीच. आजूबाजूला भुईमूग, तीळ, सरकी. गिरण्यांचा आणि रेल्वेचा गाव. तेलाच्या रसायनासाठी जागा बरोबर होती.

तेल द्रव असते, पटकन खवट होते आणि आपल्याकडे तुपाची सवय असलेल्या घरांना त्याचा पोत नकोसा वाटत होता. या तिन्ही गोष्टींना एक उत्तर म्हणजे हायड्रोजनेशन. निकेलच्या बारीक चूर्णावर तेल आणि हायड्रोजन एकत्र आणले की तेलातले दुहेरी बंध भरले जातात, तेल घट्ट होते, दाणेदार होते, जास्त टिकते. आता इथे ऊन येते. वनस्पती तुपाचा विलयबिंदू ३१ ते ४१ अंशांच्या दरम्यान असावा असा दंडक होता. ज्या देशात उन्हाळ्यात स्वयंपाकघरातली हवाच चाळिशी गाठते, तिथे डब्यात दाणा दिसावा म्हणून विलयबिंदू वरच्या बाजूला ढकलण्याचा दबाव असणार हे उघड आहे. तो वर नेण्याचा एक मार्ग म्हणजे ट्रान्स बंध. हायड्रोजनेशनमध्ये निकेलच्या पृष्ठावर अर्धवट भरलेला रेणू आपला हायड्रोजन परत सोडून देतो तेव्हा त्याचा बंध वळून ट्रान्स रूपात बसू शकतो. तापमान जास्त आणि हायड्रोजनचा दाब कमी असला की असे रेणू वाढतात. ट्रान्स मेद सरळ असतात, एकमेकांना लागून बसतात, म्हणून लवकर वितळत नाहीत. कारखान्याला ते सोयीचे होते. हृदयाला ते घातक आहेत हे पक्के व्हायला नव्वदचे दशक उजाडले. भारतात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तेल-मेदांतल्या ट्रान्स मेदांची मर्यादा २०२१ च्या जानेवारीत तीन टक्के आणि २०२२ च्या जानेवारीत दोन टक्के केली. आता तेलाचा पोत पामच्या घट्ट भागाचे मिश्रण करून किंवा मेदाम्लांची अदलाबदल करून मिळवतात. त्यात ट्रान्स नाही, पण संपृक्त मेद वाढतो. हिशेब पुढच्या पानावर गेला आहे, मिटलेला नाही.

अमळनेरच्या या प्रकरणात मला आणखी एक गोष्ट मनापासून आवडते. वनस्पती तूप दिसायला तुपासारखे, मग ते खऱ्या तुपात मिसळले जाणार हे कुणालाही दिसत होते. हा रासायनिक बिघाड नाही, सामाजिक आहे, पण त्याची भरपाई रसायनशास्त्राने केली. प्रत्येक वनस्पती तुपात किमान पाच टक्के तिळाचे तेल घालणे सक्तीचे केले गेले. तिळाच्या तेलातल्या सेसामोलला फरफ्युरल आणि हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर हलवले की आम्लाच्या थरात किरमिजी रंग उतरतो. या चाचणीला बोदुआँ चाचणी म्हणतात. तूप घ्या, चाचणी करा, रंग आला तर त्यात वनस्पती आहे. परिणाम थांबवता येत नसेल तर तो निदान उघडा पडेल अशी खूण त्या मालातच पेरायची, हा भरपाईचा प्रकार पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत मला फारसा भेटत नाही. आपल्या तिळाने तो करून दाखवला.

सरकीचे उदाहरणही इथलेच. सरकीच्या गरात गॉसिपॉल नावाचे पिवळे विषारी द्रव्य असते. कपाशीच्या झाडाचे ते किडींविरुद्धचे शस्त्र. तेल काढल्यावर त्याचा काही भाग तेलात येतो, काही पेंडेत राहतो. तेलातला भाग कॉस्टिक सोड्याने काढतात, पण सोडा थोडे चांगले तेलही साबणात ओढून नेतो. पेंडेतल्या मोकळ्या गॉसिपॉलला फेरस सल्फेटमधले लोह बांधून ठेवते. गायी-म्हशींच्या कोठीपोटात बराचसा गॉसिपॉल बांधला जातो, म्हणून त्यांना सरकीची पेंड बेताने चालते. कोंबडीला मात्र जपावे लागते.

बांधून ठेवण्याच्या या पद्धतीत जागेचा प्रश्न किती निर्णायक असतो ते लोहाच्याच दुसऱ्या गोष्टीत दिसते. चुनखडीच्या जमिनीत पिकाची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जमिनीत लोह भरपूर असते, पण सामू आठच्या पुढे असल्यामुळे ते विरघळत नाही. साधे फेरस सल्फेट जमिनीत टाकले तर तेही थोड्या वेळात तशाच न विरघळणाऱ्या गंजात जाते. म्हणून लोह चिलेटच्या मिठीत देतात. दुकानात सगळ्यांत सहज मिळणारे लोहाचे चिलेट ईडीटीएचे. आम्लधर्मी जमिनीत ते चांगले काम करते. चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियम ईडीटीएला स्वतःकडे ओढून घेते आणि लोह बाहेर पडून पुन्हा गंजते. डीटीपीए थोडे अधिक तग धरते. सामू नऊपर्यंत लोह सोडत नाही ते ईडीडीएचए, आणि ते महाग आहे. पुडक्यावर तिघांचेही नाव लोह चिलेट. खानदेशातल्या शेतकऱ्याने पहिले विकत घेऊन जमिनीत सोडले तर त्याचे पैसे चुन्याने खाल्ले. तेच ईडीटीए पानांवर फवारले तर मात्र उपयोगी पडते, कारण पानावर चुना नाही. भरपाई कोणती हे जितके महत्त्वाचे तितकेच ती कुठे द्यायची हेही.

चोपण जमिनीचे जिप्समही थोडक्यात सांगून टाकतो. सोडियमने चिकट झालेल्या मातीत जिप्सममधले कॅल्शियम सोडियमला बाजूला सारते. बाजूला सारलेले सोडियम सल्फेट पाण्याबरोबर खाली वाहून गेले पाहिजे. निचरा नसेल तर जिप्सम टाकून काही साधत नाही. निचरा असेल तर ते मीठ कुणाच्या तरी विहिरीच्या दिशेने निघालेले असते.

आता मोजमापाकडे येतो. पुस्तकाचा हा भाग विद्यार्थ्यांना कोरडा वाटेल, पण मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण इथली भरपाई डोळ्यांना दिसत नाही. मे महिन्यात विहिरीचे पाणी बाटलीत भरून कुणी मोटारसायकलवर प्रयोगशाळेत आणले. बाटलीतले पाणी बेचाळीस अंशांवर आहे. पाण्यातले क्षार त्याच्या विद्युतवाहकतेवरून मोजतात, आणि वाहकता दर अंशाला सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. पंचवीस अंशांशी जुळवून न घेता आकडा लिहिला तर पाणी आहे त्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने अधिक खारट ठरते. या आकड्यावर कुणीतरी केळी लावायची की नाही हे ठरवणार असतो. चांगल्या मीटरमध्ये तापमानाचा संवेदक असतो आणि तो ही दुरुस्ती आपोआप करतो. ती चालू आहे का, हे बघणे माणसाचे काम.

सामू मोजताना गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. काचेच्या विद्युदग्रावर एका सामूमागे पंचवीस अंशांना ५९.२ मिलिव्होल्ट येतात, पंचेचाळीस अंशांना ६३.१. मीटरमधली तापमान भरपाई हा उतार बदलून घेते. सात सामूला ही चूक शून्यच असते, नऊच्या आसपास ती सामूच्या एक दशांशाहून थोडी अधिक. पण या भरपाईने दुरुस्त होते ते फक्त विद्युदग्र. पाणी तापल्यामुळे पाण्याचा स्वतःचा सामू बदललेला असतो, त्याला ही भरपाई हात लावत नाही, आणि लावूही नये. अनेक पदवीधर समजतात की यंत्राने तापमान भरपाई केली म्हणजे दाखवलेला सामू पंचवीस अंशांचा आहे. तो पंचेचाळीस अंशांच्या पाण्याचाच असतो. उपकरणाची दुरुस्ती आणि नमुन्याची दुरुस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विद्यापीठांतल्या प्रात्यक्षिक परीक्षांत हा प्रश्न तोंडी विचारला गेला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

नमुन्यातले इतर घटक जेव्हा मोजायच्या घटकाला झाकतात तेव्हाही रसायनशास्त्र तीच हुशारी वापरते जी कारखान्यात वापरते. ज्योतीत कॅल्शियम मोजताना फॉस्फेट असले तर ते कॅल्शियमला घट्ट धरून ठेवते आणि आकडा कमी येतो. मग नमुन्यात लँथॅनम घालतात. फॉस्फेट लँथॅनमला धरते, कॅल्शियम मोकळे होते. सगळे अडथळे ओळखताच येत नसतील तर नमुन्यातच ठरलेल्या मात्रेने तो घटक वाढवत जायचे आणि आकडा कसा चढतो ते पाहून मूळची मात्रा काढायची. अडथळा काय आहे हे न कळताही त्याची भरपाई करणारी ही रीत मला विलक्षण वाटते. मात्र तिला एक मर्यादा आहे. अडथळा मोजणीला गुणाकाराने बदलत असेल तरच ती चालते. तो सरळ बेरीज करत असेल, तर ही रीत चुकीचा आकडा मोठ्या आत्मविश्वासाने देते.

कारखान्याच्या पातळीवर भरपाई म्हणजे बहुधा नियंत्रण. प्रक्रियेतून उष्णता बाहेर पडते, ती थंड पाण्याने ओढून घ्यायची. वेग वाढला तर कच्चा माल हळू सोडायचा. दाब वाढला तर वायू एखाद्या क्षारयुक्त धुलाई मनोऱ्यातून न्यायचा, उरलेला जाळायचा. भुसावळहून खांडवा-इटारसीच्या वाटेने गाडी जिथे पोचते त्या भोपाळमध्ये १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या रात्री काय झाले ते याच भाषेत समजून घ्यावे लागते. मिथिल आयसोसायनेटच्या ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले आणि उष्णता देणारी प्रक्रिया सुरू झाली. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिने बंद होती. धुलाई मनोरा वापरात नव्हता. वायू जाळणाऱ्या मशालीची वाहिनी दुरुस्तीसाठी काढलेली होती. आराखड्यात प्रत्येक नको असलेल्या परिणामाला उत्तर होते. त्या रात्री त्यातले एकही उत्तर चालू नव्हते, आणि चालू असते तरी चाळीसेक टनांना पुरले असते का हा प्रश्न राहतोच. नियंत्रणावरच्या प्रकरणात मी गणित कमी ठेवले आहे आणि या प्रश्नाला जागा जास्त दिली आहे: भरपाईची यंत्रणा जिवंत आहे हे रोज कोण पाहते?

पिकवणीच्या खोल्यांचा भाग मी बराच उशिरा जोडला, पण केळीच्या जिल्ह्यात तो टाळता येत नाही. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे. कार्बाइडमधून निघणारा अ‍ॅसिटिलीन इथिलीनची नक्कल करतो, पण कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. त्याऐवजी दशलक्षात शंभर भागांपर्यंत इथिलीन वायू वापरण्याची मुभा आहे. इथिलीन मिळाले की केळी जोराने श्वसन करू लागतात. उष्णता सोडतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात. साचलेला कार्बन डायऑक्साइड इथिलीनच्याच कामात अडथळा आणतो. म्हणून खोली थंड ठेवावी लागते आणि वेळोवेळी हवा बदलावी लागते. फक्त वायू सोडून दार बंद केले तर वरची फणी पिवळी होते आणि आतली उकडते.

पुस्तक विज्ञान शाखेच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी, जळगावच्या विद्यापीठातल्या आणि शिरपूर-धुळ्याच्या महाविद्यालयांतल्या रासायनिक तंत्रज्ञानाच्या मुलामुलींसाठी, आणि माती-पाणी परीक्षण करणाऱ्या तंत्रज्ञांसाठी आहे. प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. पीव्हीसीचे प्रकरण मात्र आधी वाचावे, कारण त्यातली झिंक-कॅल्शियमची जोडी पुढे सतत आठवून घेतली आहे. प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस एक तक्ता आहे. पहिल्या रकान्यात नको असलेला परिणाम, दुसऱ्यात भरपाई, तिसऱ्यात त्या भरपाईचा पुढचा परिणाम, आणि चौथ्यात तो कुठे जाऊन बसतो: मालात, मातीत, विहिरीत, हवेत की कामगाराच्या अंगात. चौथा रकाना काही ठिकाणी मुद्दाम रिकामा ठेवला आहे. तो वाचकाने आपल्या गावच्या पाण्याचा अहवाल समोर ठेवून भरायचा आहे. कठीणता, बायकार्बोनेट, क्लोराइड, सोडियम आणि वाहकता एवढे पाच आकडे त्याला पुरतील.

पुस्तकाच्या मधल्या एका प्रकरणातली एक सूचना इथे वेगळी काढून देतो, कारण ती वाचायला उशीर झाला तर चालणार नाही. ठिबकमधले शेवाळ आणि जिवाणूंचा चिकटा काढायला क्लोरीन वापरतात. सामू साडेआठ असलेल्या पाण्यात टाकलेल्या क्लोरीनचा जेमतेम दहावा हिस्सा प्रभावी हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो. सामू साडेसहावर आणला तर दहातले नऊ हिस्से. म्हणून आम्ल देऊन क्लोरीन वापरणे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. पण ही दोन्ही तीव्र द्रावणे एका बादलीत, एका टाकीत किंवा एकाच व्हेंच्युरीतून एकापाठोपाठ कधीही ओढू नयेत. ब्लीचिंग पावडरवर किंवा हायपोक्लोराइटवर तीव्र आम्ल पडले की त्याच जागी क्लोरीन वायू सुटतो. आम्ल वेगळ्या वाटेने, वाहत्या पाण्यात, आधी. त्यानंतर पुढे अंतर ठेवून दुसऱ्या तोंडातून क्लोरीन. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात नाही. वाऱ्याची दिशा पाहून उभे राहावे, चष्मा आणि रबरी हातमोजे घालावेत, आणि हे काम एकट्याने करू नये.